नवा लॅपटॉप, जुना गेम आणि तरीही लॅग: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

गेल्या दहाएक वर्षांत घरातले, सोसायटीतले आणि ऑफिसातले कितीतरी कॉम्प्युटर मी या एकाच तक्रारीसाठी उघडून बसलो आहे. तक्रारीचे शब्दही जवळपास ठरलेले असतात. "सत्तर हजारांचा लॅपटॉप घेतला, नवे गेम मस्त चालतात, पण आयजीआय लावला की झटके खातो." आयजीआयच्या जागी कधी व्हाइस सिटी असतो, कधी सॅन अँड्रियाज, कधी मोस्ट वाँटेड, कधी एज ऑफ एम्पायर्स. नेट कॅफेत तासाला पैसे मोजून आपण जे खेळलो, तेच आता घरच्या मशीनवर परत लावावंसं वाटतं. आणि ते नीट चालेना की माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे रॅम वाढवायला दुकान गाठतो.

कृपया ते करू नका. माझ्या मावसभावाला एका दुकानात याच तक्रारीवर चार हजारांची जादा रॅम घालून दिली होती. गेम होता २००५ सालचा. बत्तीस बिटचा गेम सहसा २ जीबी आणि फार तर ४ जीबीच्या वर मेमरी मागूच शकत नाही. मशीनमध्ये ८ जीबी असो की ३२, त्याला फरक पडत नाही. घरी आणून पाहिलं तर दोष एका सेटिंगचा होता आणि ते बदलायला दोन मिनिटं लागली. जुना गेम नव्या मशीनवर अडखळतो तेव्हा मशीन कमी पडलेलं क्वचितच असतं. बहुतेक वेळा मशीन त्या गेमला झेपणार नाही इतकं वेगवान असतं, नाहीतर दोघांची भाषा जुळत नसते. त्यावर पैसे खर्चून उपाय होत नाही.

आधी लक्षण ओळखा

"लॅग होतो" एवढ्यावरून काही कळत नाही. गेम दहा मिनिटं चालवा आणि नेमकं काय होतं ते पाहा.

गेम पळतोय का? माणसं चार्ली चॅप्लिनच्या मूकपटासारखी भराभर चालतात, किंवा वेग ठीक वाटतो पण गाडी, उडी, पोहणं यांत काहीतरी विचित्र होतं. हे मशीन जास्त वेगवान असल्याचं लक्षण.

एरवी गुळगुळीत चालतो, पण दर एक-दोन सेकंदांनी हिसका बसतो का? मग माउस, ओव्हरले (गेमच्या वर दिसणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामच्या खिडक्या) किंवा मागे चालू असलेलं काहीतरी असतं.

सुरुवातीच्या मेनूपासूनच सगळं जड चालतं का, माउसचा बाणसुद्धा मागून येतो का? मग ग्राफिक्स चुकीच्या चिपवर चाललंय, किंवा जुनं डायरेक्टड्रॉ (स्क्रीनवर चित्र काढण्याची विंडोजची जुनी सोय) नव्या विंडोजवर नक्कल करून चालवलं जातंय.

पहिली दहा मिनिटं छान आणि मग हळूहळू मंद? उष्णता असू शकते. सगळेच गेम असे मंदावत असतील तर बहुधा उष्णताच.

रंग बिघडलेत, स्क्रीन काळा पडतो, गेम सुरूच होत नाही? हा वेगाचा प्रश्न नाही. सरळ खाली रॅपरच्या, म्हणजे दुभाष्याचं काम करणाऱ्या प्रोग्रामच्या, भागाकडे जा.

आणि एक नियम मी स्वतः कधी मोडत नाही: एका वेळी एकच बदल, मग गेम लावून पाहायचा. लोक व्हिडिओ बघून एका दमात आठ टिकमार्क लावतात. गेम चालला तरी कशामुळे चालला ते कळत नाही, आणि पुढच्या विंडोज अपडेटला परत बिघडला की पहिल्यापासून सुरुवात.

चार्जर आणि चिप

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच. चार्जर लावलेला आहे का ते बघा. बॅटरीवर असताना बहुतेक लॅपटॉप ग्राफिक्सचा वेग मुद्दाम कमी करतात, काहींमध्ये गेम ३० एफपीएसवर (सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे ३० फ्रेम) बांधून टाकण्याचीही सोय असते. पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर न्या.

मग चिप. गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात, एक प्रोसेसरमधली आणि एक वेगळी. नव्या गेमला मोठी चिप द्यायची हे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे ड्रायव्हरला, माहीत असतं. वीस वर्षांपूर्वीच्या गेमची एक्झी (गेम सुरू करणारी फाइल) त्याच्या यादीत नसली की विंडोज तिला हलकंफुलकं काम समजून छोट्या चिपकडे ढकलतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जा, गेमची एक्झी जोडा आणि 'हाय परफॉर्मन्स' निवडा. जोडताना लाँचरची एक्झी जोडू नका, प्रत्यक्ष गेमची जोडा. गेम चालू असताना टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये तिचं नाव दिसतं.

वेग बांधून घ्या

पळणाऱ्या आणि विचित्र वागणाऱ्या गेमचं निम्मं औषध इथेच मिळतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

गेल्या दिवाळीत भाच्याने फोन केला. "मामा, सॅन अँड्रियाजमध्ये सीजेला पोहताच येत नाहीये." मला वाटलं बटणं बदलली असतील. घरी जाऊन पाहिलं तर सीजे, म्हणजे गेमचा नायक, पाण्यात हात मारतोय, आवाज येतोय, पण तो जागचा पुढे सरकत नव्हता म्हटलं तरी चालेल. लॅपटॉपचा स्क्रीन १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा होता, आणि एफपीएसवर मर्यादा घालणारा गेममधला 'फ्रेम लिमिटर' बंद होता. तो चालू केला, परत पाण्यात उतरवलं, आणि तो सरळ पलीकडच्या काठाला लागला.

कारण साधं आहे. त्या काळचे बरेच गेम प्रत्येक फ्रेमला "मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला" हे मोजून हालचाल ठरवतात, किंवा तेवढंही न मोजता दर फ्रेमला ठरावीक अंतर पुढे जातात. ३० एफपीएसला दोन फ्रेममध्ये साधारण ३३ मिलिसेकंद असतात, ६० ला जवळपास १७. नव्या ग्राफिक्स कार्डावर तोच गेम ५०० एफपीएस ओलांडतो आणि हातात उरतात २ मिलिसेकंद. हिशेब पूर्ण आकड्यांत करणाऱ्या गेमच्या हाती मग शून्य नाहीतर एक लागतो, आणि सगळी गणितं घसरतात. चारशे शहाऐंशीच्या जमान्यात कॅबिनेटवर 'टर्बो' बटण असायचं ते आठवतं का? नाव टर्बो असलं तरी त्याचा खरा उपयोग मशीन मंद करून जुने प्रोग्राम चालवण्यासाठी व्हायचा. म्हणजे हे दुखणं आजचं नाही.

पहिल्यांदा गेममध्येच फ्रेम लिमिटर किंवा व्ही-सिंक (गेमला स्क्रीनच्या वेगाशी बांधणारं सेटिंग) आहे का ते बघा. सॅन अँड्रियाजचा स्वतःचा लिमिटर चित्र २५-३० च्या आसपास धरतो. डोळ्यांना ते थोडं जड वाटतं, पण गेम तयारच त्या वेगासाठी झालाय. गेममध्ये सोय नसेल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज', त्यात 'प्रोग्राम सेटिंग्ज', तिथे त्या एकाच गेमसाठी 'मॅक्स फ्रेम रेट' ६० करा. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्येही अशी मर्यादा घालता येते. कोणतंही कार्ड असलं तरी रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर हा फुकट प्रोग्राम हे काम फार नेमकेपणाने करतो. काहीच जमलं नाही तर गेमपुरता स्क्रीन ६० हर्ट्झवर आणा आणि व्ही-सिंक चालू ठेवा. आधी ६०, बिघाड राहिला तर ३०.

याचा आणखी एक फायदा. काही जुने गेम मेनूच्या पानावर हजार-दीड हजार एफपीएस काढत बसतात, आणि लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा ओरडतो. वेग बांधला की मशीन शांत होतं.

कम्पॅटिबिलिटीचं पान

एक्झीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी. लोक इथे येऊन पहिल्यांदा 'विंडोज एक्सपी' निवडतात. मी ते शेवटी करतो, कारण त्यामुळे गेम बहुधा सुरू व्हायला मदत होते, गुळगुळीत व्हायला नाही.

आधी 'डिसेबल फुलस्क्रीन ऑप्टिमायझेशन्स' टिक करून पाहा. विंडोज १० पासून पूर्ण स्क्रीनचे गेम आतून बॉर्डर नसलेल्या खिडकीसारखे चालवले जातात. नव्या गेमला ते सोयीचं पडतं, जुन्यांपैकी काही त्याने अडखळतात. मग 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'मध्ये स्केलिंग 'अ‍ॅप्लिकेशन'कडे द्या. लॅपटॉपवर सगळं बहुधा १२५ किंवा १५० टक्के मोठं करून दाखवलेलं असतं, आणि गेमला ते कळत नसल्यामुळे चित्र कापलं जातं किंवा माउस भलत्याच जागी लागतो.

माउसवरून आठवलं. व्हाइस सिटी किंवा सॅन अँड्रियाजमध्ये माउस अजिबात हलत नसेल तर डॉक्युमेंट्समधल्या त्या गेमच्या 'युजर फाइल्स' फोल्डरमधली, नावाच्या शेवटी डॉट सेट (.set) असलेली फाइल उडवा. त्यात फक्त सेटिंग्ज असतात, सेव्ह केलेला खेळ जात नाही. गेम ती नव्याने बनवतो आणि बहुतेक वेळा माउस चालू होतो.

गेम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये टाकला असेल तर तिथून काढून सी ड्राइव्हवर 'गेम्स' नावाच्या साध्या फोल्डरमध्ये परत टाका. जुने गेम सेटिंग्ज आणि सेव्ह स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात, आणि व्हिस्टापासून विंडोज 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये तसं सहज लिहू देत नाही. पुढे रॅपरच्या फाइल टाकायलाही साधं फोल्डर सोपं पडतं.

सुटलेले तुकडे

गेम ज्या भाषेत ग्राफिक्स कार्डाशी बोलतो ती म्हणजे डायरेक्टएक्स. विंडोज १० आणि ११ मध्ये त्याची १२ वी आवृत्ती असते म्हणून ९ वीही पूर्ण असेल असं लोक धरून चालतात. गाभा असतो, पण गेम ज्या मदतनीस फाइल (डीएलएल) मागतात त्या नसतात. मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं 'डायरेक्टएक्स एंड युजर रनटाइम' टाकलं की 'अमुक डीएलएल सापडत नाही' ही तक्रार मिटते. ते नव्याला धक्का लावत नाही, फक्त गाळलेल्या फाइल भरतं. सुटी डीएलएल देणाऱ्या साइटवरून एकेक फाइल उचलू नका. तिच्यासोबत काय येईल याचा भरवसा नाही.

लॅनवर खेळायचे जुने गेम 'डायरेक्टप्ले' मागतात. कंट्रोल पॅनेलच्या 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मध्ये 'लेगसी कम्पोनंट्स'खाली ते असतं.

ग्राफिक्सचा ड्रायव्हरही याच टप्प्यावर ताजा करा, तोही लॅपटॉप किंवा चिप बनवणाऱ्याच्या साइटवरूनच. इंटेलवाल्यांनी तर नक्कीच. इंटेलच्या १२ व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आणि इंटेलची आर्क नावाची वेगळी कार्डं यांनी डायरेक्टएक्स ९ चा थेट आधार सोडून ते १२ मध्ये रूपांतर करून चालवायला सुरुवात केली, आणि जुने गेम त्यात मार खायचे. आर्कवर डिसेंबर २०२२ च्या ड्रायव्हरपासून मोठा फरक पडला.

दर सेकंदाला हिसका

इथे गुन्हेगार अनेकदा माउस असतो. गेमिंग माउस सेकंदाला १००० वेळा आपली जागा कळवतो. जुन्या गेमला सवय १२५ ची. माउस हलवला की हिसका आणि सोडला की गुळगुळीत, असं होत असेल तर माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये 'पोलिंग रेट' १२५ करा. साधा ऑफिसचा माउस लावून पाहिलात तरी एका मिनिटात निकाल लागतो.

२००५ चा फिअर हा गेम याचं टोकाचं उदाहरण. तगड्या मशीनवर तो काही मिनिटांत रांगायला लागतो, कारण कीबोर्ड-माउसशी बोलण्याची त्याची जुनी पद्धत नव्या यूएसबी उपकरणांपुढे दमते. त्यासाठी लोकांनी एक छोटी डीइनपुट८ डीएलएल तयार केली आहे. ती गेमच्या फोल्डरमध्ये ठेवली की तोच गेम लोण्यासारखा चालतो.

ओव्हरले, स्क्रीन रेकॉर्डिंग, आरजीबी दिव्यांची सॉफ्टवेअर, हे सगळं एकदा बंद करून पाहा. मग टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये एक्झीवर राइट क्लिक, 'सेट अ‍ॅफिनिटी', आणि प्रोसेसरचा एकच कोर (स्वतंत्रपणे काम करणारा भाग) ठेवा. हे गेम एका कोरच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले. काम एका कोरवरून दुसऱ्यावर उड्या मारायला लागलं की काहींचं वेळेचं गणित चुकतं.

रॅपर: खरं औषध

इथवर येऊनही गेम जड चालत असेल तर दोन नावं लक्षात ठेवा: डीजीव्हूडू २ आणि डीएक्सव्हीके. दोन्ही फुकट. दोन्ही दुभाष्याचं काम करतात. गेम जुन्या भाषेत बोलतो, आणि हे ते आजच्या कार्डाला कळेल अशा भाषेत सांगतात. विंडोज ८ पासून डायरेक्टड्रॉचं काम विंडोज स्वतःच नक्कल करून भागवतं आणि ते बऱ्याचदा मंद असतं. म्हणून आयजीआयच्या काळातले गेम, म्हणजे साधारण २००० च्या आगेमागे आलेले, डीजीव्हूडूवर एकदम सुधारतात.

कोणता कधी? डायरेक्टएक्स ८ पर्यंतच्या गेमला डीजीव्हूडू, ९ च्या गेमला डीएक्सव्हीके. २००३ च्या आधीचा गेम असेल तर डीजीव्हूडूपासून सुरुवात करा, नंतरचा असेल तर डीएक्सव्हीकेपासून.

डीजीव्हूडू उतरवून उघडला की 'एमएस' नावाचं फोल्डर दिसतं, त्यात 'एक्स८६'. तिथल्या डीड्रॉ (DDraw), डी३डीआयएमएम (D3DImm) आणि डी३डी८ (D3D8) या डीएलएल गेमच्या एक्झीशेजारी ठेवा, सोबत डीजीव्हूडूची कंट्रोल पॅनेलची एक्झी. तुमचं विंडोज ६४ बिटचं असलं तरी गेम ३२ बिटचा आहे, म्हणून 'एक्स८६'च. 'एक्स६४' घेतलंत तर उपयोग होणार नाही. फायली विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये कधीही टाकू नका, फक्त गेमच्या. मग गेम लावा आणि स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्याकडे पाहा. तिथे डीजीव्हूडूचा छोटा शिक्का दिसला तर दुभाषा कामाला लागलाय. शिक्का नसेल तर गेम त्या फाइल वाचतच नाहीये, बाकी सेटिंग्ज कितीही बदला उपयोग नाही. खात्री पटली की कंट्रोल पॅनेलच्या डायरेक्टएक्स पानावर शिक्क्याची टिक काढा.

आणखी एक अडचण यातून सुटते. आजच्या कार्डावर बऱ्याचदा ८ जीबी मेमरी असते. जुन्या गेमने तेवढा मोठा आकडा साठवायला जागाच ठेवलेली नसते, मग तो उलटून ऋण होतो आणि गेम समजतो की कार्डावर मेमरी नाहीच. डीजीव्हूडू त्याला २५६ एमबीचं कार्ड असल्याचं सांगतो आणि तो समाधानाने चालतो.

डीएक्सव्हीके त्याहून सोपा: 'एक्स३२' फोल्डरमधली डी३डी९ डीएलएल गेमशेजारी ठेवायची, झालं. पहिल्या काही मिनिटांत थोडे हिसके बसतील, मग थांबतील. आवडलं नाही तर फाइल उडवा, गेम पूर्ववत.

१९९९ च्या एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये पाणी जांभळं आणि गवत लालसर दिसतं ती तक्रारही याच घरातली. गेम २५६ रंगांच्या एका तक्त्यावर चालतो, आणि विंडोजचा एक्सप्लोरर त्याच तक्त्यात हात घालतो. सीएनसी-डीड्रॉ (cnc-ddraw) नावाचा छोटा रॅपर त्यावर माझ्या हाताला सगळ्यात चांगला लागू पडलाय.

गेमनिहाय दुरुस्त्या आणि डॉस

रॅपरनंतर त्या-त्या गेमसाठी चाहत्यांनी बनवलेल्या दुरुस्त्या. जीटीएच्या (व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियाज याच मालिकेतले) जुन्या तिन्ही गेमसाठी सायलेंटपॅच नावाची दुरुस्ती मी डोळे मिटून टाकतो. ती बनवणाऱ्या माणसानेच सॅन अँड्रियाजमधला एक अजब दोष शोधला: विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर स्किमर नावाचं विमान गेममधून गायबच झालं. गेमच्या डेटा फाइलमध्ये त्या विमानाच्या चाकांचं माप लिहायचं राहून गेलं होतं. वीस वर्षं मेमरीत योगायोगाने आधीचाच आकडा शिल्लक राहत होता, नव्या विंडोजवर तो राहिला नाही. विंडोज अपडेटनंतर गेम बिघडला की दोष नेहमी विंडोजचा नसतो, तो असा. रुंद स्क्रीनवर चित्र ताणलं जात असेल तर बहुतेक मोठ्या गेमसाठी वाइडस्क्रीन फिक्स मिळतात. कोणत्या गेमला काय लागतं हे पीसीगेमिंगविकी या साइटवर गेमचं नाव टाकून वाचा. मी स्वतः तिथूनच सुरुवात करतो.

विंडोजच्या आधीच्या डॉसचे गेम थेट चालणारच नाहीत, ६४ बिट विंडोजमधून १६ बिटचा आधार गेलेला आहे. डॉसबॉक्स हा डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम वापरा. खेळ पळत असेल तर कंट्रोल आणि एफ११, मंद असेल तर कंट्रोल आणि एफ१२. गेम ३२ बिटचा पण त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा, असंही विंडोज ९५ च्या काळातल्या सीड्यांमध्ये सापडतं.

इथे थांबा

सीडी टाकून गेम सुरूच होत नसेल आणि ती सेफडिस्कवाली (सीडीची नक्कल रोखणारं कुलूप असलेली) असेल, तर थांबा. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० मधून त्या कुलपाला लागणारा ड्रायव्हर काढला, कारण त्यात सुरक्षेचं भगदाड होतं. इंटरनेटवरून तो परत आणून टाकू नका, ड्रायव्हरची सही तपासणं बंद करू नका, अँटिव्हायरस बंद करायला सांगणारी क्रॅक एक्झी चालवू नका. त्याच लॅपटॉपवर तुमचं बँकेचं काम चालतं. जीओजीसारख्या ऑनलाइन दुकानात असे पुष्कळ गेम नव्या विंडोजसाठी जुळवून, कुलूप काढून, सेलमध्ये दोन-तीनशेत मिळतात.

आणि खालीलपैकी काही दिसलं तर गेम विसरा, मशीन जाणकाराकडे न्या. खेळताना लॅपटॉप अचानक बंद पडतो. गेम बंद केल्यावर डेस्कटॉपवरही रंगीत ठिपके किंवा पट्टे राहतात. सगळेच प्रोग्राम मंदावतात आणि कीबोर्डचा भाग हाताला चटका देतो. तेव्हा पंखा साफ करून चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलायची असते, आणि लॅपटॉप उघडायची सवय नसेल तर ते काम घरी करू नका. टचपॅड वर उचललं गेलंय किंवा तळ फुगलाय, म्हणजे बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, बंद करा, दाबू नका, त्याच दिवशी न्या. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा.

नेताना एका कागदावर लिहून न्या: विंडोजची आवृत्ती, ग्राफिक्स चिपचं नाव, नवा एखादा गेम नीट चालतो की नाही, आणि वरच्यापैकी काय काय करून पाहिलं. नवा गेम नीट चालत असेल आणि समोरचा तरीही रॅम किंवा नवं कार्ड घ्यायला सांगत असेल, तर त्याला तिथेच तुमच्यासमोर जुना गेम लावून दाखवायला सांगा.